माहूरला पावसाळ्यात जायचंय? आधी नदी पाहा, मग आभाळ

शनिवार-रविवारचा बेत ठरलेला असतो. माहूरमध्ये राहायची सोय झालेली असते, गाडीत डिझेल भरलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी फोनवर हवामान विभागाचा पिवळा इशारा झळकतो आणि घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: 'रद्द करायचं का?'

बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असतं, कधी मात्र ठामपणे 'हो' असतं. हा फरक आपल्या डोक्यावर किती पाऊस पडतोय यापेक्षा पैनगंगेला किती पाणी आहे, आपण कोणत्या रस्त्याने जातोय आणि विजा चमकत असताना आपण कुठे असू यावरून ठरतो. एवढं समजलं तर नांदेड जिल्ह्याच्या टोकावरचा हा डोंगराळ, जंगलाचा भाग जून ते सप्टेंबर या काळातच सगळ्यात चांगला दिसतो.

माहूरचं जंगल 'रेनफॉरेस्ट' आहे का?

नाही. पावसाळ्यातले हिरवेगार रील पाहून अनेकांना तसं वाटतं, पण माहूर-किनवटचं जंगल उष्ण कटिबंधातलं शुष्क पानगळीचं जंगल आहे. साग हे इथलं मुख्य झाड. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस आणि बांबू.

ज्याला वर्षावन म्हणतात, तिथे वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस लागतो आणि जंगल बारा महिने हिरवं राहतं. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी सदाहरित जंगलं सह्याद्रीत आहेत. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास हे सह्याद्रीतले भाग २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

किनवट-माहूर हा नांदेड जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा पट्टा असला, तरी तिथला पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या घरात असतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने झाडं साठवलेल्या ओलाव्यावर काढतात. उन्हाळ्यात साग पानं टाकून देतो आणि डोंगर तपकिरी, उघडे दिसतात.

म्हणूनच इथला पावसाळा जास्त पाहण्यासारखा आहे. आंबोलीचं जंगल जूनच्या आधीही हिरवं असतं आणि नंतरही. माहूरमध्ये मे महिन्यात ज्या डोंगराकडे पाहवत नाही, तोच डोंगर जुलैत ओळखू येत नाही.

पावसाळ्यात इथे नेमकं काय बदलतं?

पहिला बदल सागाचा. पावसाच्या तोंडावर त्याला नवी पानं फुटतात आणि बघता बघता सुपाएवढी होतात. कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग उतरतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मुलांचा हा जुना खेळ आहे. पावसाळा पुढे सरकतो तसे सागाच्या शेंड्यांवर पांढरट फुलांचे मोठे तुरे येतात. लांबून डोंगरावर कुणी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं.

सागाच्या जंगलात पावसाचा आवाजही वेगळा येतो. रुंद पानांवर थेंब पडले की ताशासारखा आवाज होतो. पानावर साचलेलं पाणी एकत्र येऊन मोठ्या थेंबांनी खाली पडतं, त्यामुळे आभाळ उघडलं तरी झाडाखाली बराच वेळ 'पाऊस' सुरूच असतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही सागांची पानं जाळीसारखी झालेली दिसतात. फक्त शिरा उरलेल्या, मधला हिरवा भाग गायब. हे एका छोट्या पतंगाच्या अळ्यांचं काम असतं. झाड त्यामुळे सहसा मरत नाही.

जमिनीवर पहिल्या पावसात लाल मखमलीसारखा मृगाचा किडा दिसतो. वारुळांवर अळंबी उगवते. झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावीची फुलं येतात. फोटोसाठी सुंदर, पण या झाडाचा कंद अतिशय विषारी असतो. मुलांना हात लावू देऊ नये.

पक्ष्यांसाठी हा विणीचा काळ. पावशाची 'पेरते व्हा' अशी हाक शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. मोर पिसारा फुलवतात. मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलात पावसाळ्यात घरटं करणारा नवरंग हा सुंदर पक्षीही याच दिवसांत ऐकू येतो. तो दिसण्यापेक्षा त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येण्याची शक्यता जास्त.

बाजारात रानभाज्या येतात. करटुली, तरोटा, बांबूचे कोंब, अंबाडी. त्या जंगलातून स्वतः तोडण्याऐवजी गावातल्या विक्रेत्यांकडून घ्याव्यात. अळंबीच्या बाबतीत तर हे पक्कं पाळावं, कारण खाण्याची आणि विषारी अळंबी नवख्याला सारखीच दिसते.

पावसात जंगलातून चालणं ही नवी फॅशन आहे का?

माहूरसाठी तरी नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेचं हे ठाणं. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठं, तर वणीची सप्तशृंगी हे अर्धं पीठ अशी परंपरा आहे. माहूरला रेणुकादेवीचा डोंगर, दत्तशिखर आणि अनसूया शिखर असे तीन डोंगर आहेत. दत्तात्रेय दिवसभर वेगवेगळ्या तीर्थांवर असतात आणि झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. महानुभाव पंथीयांचं देवदेवेश्वर मंदिर इथेच आहे आणि सोनापीर दर्ग्यालाही लोक येतात.

नवरात्र आणि दत्तजयंतीची गर्दी सगळ्यांना माहीत असते. पण भर पावसाळ्यात, श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला, माहूरगडाची परिक्रमा होते. मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून आलेले भाविक डोंगर, ओढे आणि सागाच्या रानातून पायी फिरतात. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी, पायात साधी चप्पल किंवा तीही नाही.

'पावसात बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न या वारकऱ्यांना पडत नाही. ते एकटे चालत नाहीत, ठरलेली वाट सोडत नाहीत आणि काठी बरोबर ठेवतात. पावसाळी भटकंतीचे हे तीन नियम कुठल्याही ट्रेकिंग गटाच्या यादीत सापडतील.

त्या दिवशी मात्र रस्ते आणि मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात. शांतपणे जंगल पाहायचं असेल तर नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत. परिक्रमा अनुभवायची असेल तर याच दिवशी जावं आणि गाडी गावात ठेवून चालावं.

कोणत्या महिन्यात जावं?

पावसाळ्याचे चार महिने सारखे नसतात. जुने शेतकरी नक्षत्रांवरून पाऊस ओळखतात. पर्यटकालाही त्याचा उपयोग होतो.

*जून (मृग, आर्द्रा):* मान्सून मराठवाड्यात साधारण जूनच्या मध्यापर्यंत पोहोचतो. सकाळ तापलेली, दुपारी ढग, संध्याकाळी गडगडाटासह सर असा क्रम असतो. जंगल हिरवं होऊ लागलेलं असतं, धबधब्यांना अजून पाणी नसतं. विजांचा धोका या महिन्यात मोठा.

*जुलै-ऑगस्ट (पुनर्वसू ते मघा):* झडीचे दिवस. विजा तुलनेने कमी, पण दोन-दोन दिवस सलग पाऊस. डोंगर ढगात, ओढे भरून, धबधबे जोरात. पुराचा धोका सर्वाधिक असतो आणि निसर्गही याच काळात सगळ्यात देखणा असतो.

*सप्टेंबर (पूर्वा, उत्तरा, हस्त):* उघडीप वाढते. सकाळी स्वच्छ ऊन आणि दुपारनंतर पुन्हा विजांसह सरी. गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं. धरणं भरलेली असल्याने थोड्या पावसातही दरवाजे उघडावे लागू शकतात.

घरात लहान मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा सोयीचा काळ. सकाळी फिरायचं आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी परतायचं, एवढं पाळलं तरी पुरतं.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

इथे माहूरची एक खास अडचण आहे. गाव मराठवाड्यात, पण पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा म्हणजे विदर्भ लागतो. हवामान विभागात मराठवाड्याचा अंदाज मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून येतो आणि विदर्भाचा नागपूरच्या केंद्राकडून. त्यामुळे फक्त 'नांदेड' पाहून निघालात तर अर्धंच चित्र कळतं. नांदेड आणि यवतमाळ, दोन्ही जिल्ह्यांचे इशारे पाहावेत.

नदीसाठी आणखी मागे पाहावं लागतं. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि वाशीम, हिंगोलीच्या भागातून पाणी घेऊन इकडे येते. माहूरला ऊन पडलेलं असताना तिकडच्या पावसाने नदी वाढू शकते.

इशाऱ्यांच्या रंगांचा अर्थ असा:

- पिवळा: लक्ष ठेवा. बेत रद्द करायची गरज नसते, पण क्रम बदलावा लागू शकतो.
- नारिंगी: तयार राहा. नदी-धबधबे टाळा, प्रवास दिवसाच करा.
- लाल: कृती करा. पर्यटकासाठी याचा अर्थ एकच, निघू नका.

पावसाचे शब्दही ठरलेले असतात. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति मुसळधार' आणि त्याहून जास्त म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलं असेल तर त्या विभागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य वाचून अख्खी सहल रद्द करण्याची घाई नको. पण ते 'तुरळक ठिकाण' नेमकं आपल्या ओढ्याच्या वर असू शकतं, हेही विसरू नये.

माहूरला कोणत्या रस्त्याने जावं?

माहूरला पैनगंगेने वळसा घातला आहे आणि पावसाळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते.

नांदेडहून हदगाव-उमरखेड-महागावमार्गे जाणारा रस्ता आधी पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि मग धनोड्याजवळ पुन्हा तीच नदी ओलांडून माहूरला येतो. एका प्रवासात नदी दोनदा. भोकर-हिमायतनगर-किनवटमार्गे येणारा रस्ता नांदेडच्या बाजूनेच येतो, पण त्यावर छोटे ओढे-नाले बरेच आणि जंगलाचा टप्पा मोठा. यवतमाळ, पुसदकडून येणाऱ्यांना धनोड्याचा पूल चुकत नाही.

त्यामुळे निघण्याआधी मुक्कामाच्या जागी फोन करून 'पूल सुरू आहे का' हे विचारणं हवामानाच्या ॲपइतकंच गरजेचं आहे. रेल्वेने यायचं तर मुदखेड-आदिलाबाद मार्गावरचं किनवट हे सोयीचं स्थानक. तिथून पुढे एसटी किंवा गाडी.

या भागात पूर किती लवकर येऊ शकतो, याचं उदाहरण फार जुनं नाही. २२ जुलै २०२३ रोजी माहूरच्या पलीकडे, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. अडकलेले लोक तिथले रहिवासी होते, पाण्याची सवय असलेले. त्यांची ही गत होते, तर बाहेरगावच्या गाडीला अंदाज येणं अवघडच.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, मग ते पाणी कितीही कमी दिसो. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी माणसाचे पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी ओढून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. त्यात पाण्याखालची फरशी जागेवर आहे की खचली आहे, हे वरून दिसत नाही. पाऊस थांबला की छोट्या ओढ्याचं पाणी बऱ्याचदा काही तासांत उतरतं. तेवढा वेळ अलीकडे चहा घेत थांबणं केव्हाही स्वस्त.

दुसरी खबरदारी काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. फोटोसाठी गाडी डांबरावरून खाली उतरवली की चाक रुततं आणि ट्रॅक्टर शोधावा लागतो.

सहस्रकुंड पाहायला जावं का?

जावं, पण पाण्यात उतरायला नाही. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते. तोच सहस्रकुंड धबधबा. नदीच्या एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला यवतमाळ जिल्हा. पूर आला की पाण्याचे वेगवेगळे पदर एक होऊन अख्खी नदीच गढूळ भिंतीसारखी पडताना दिसते.

'सहस्रकुंड' या नावातच धोक्याची खूण आहे. नदीतले दगड-गोटे पाण्याबरोबर गरगर फिरून कातळात खळगे कोरतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. कमी पाण्यात ते दिसतात. पाणी वाढलं की दिसत नाहीत, पण असतातच. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून बुडू शकतो.

दुसरं कारण धरणाचं. सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूर धरण आहे. धरण भरत आलं की दरवाजे उघडून पाणी सोडलं जातं. त्या वेळी सहस्रकुंडावर पाऊस नसतानाही पाणी वाढतं. म्हणून 'आज तर ऊन आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही. इसापूरमधून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर धबधबा लांबून, ठरवून दिलेल्या जागेवरूनच पाहावा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की काठावरून लगेच मागे सरावं.

माहूरहून सहस्रकुंड किनवटमार्गे बरंच लांब आहे. गडदर्शन आणि धबधबा एकाच दिवसात कोंबू नये. परतीचा अंधार, पाऊस आणि जंगलातला रस्ता हे तिन्ही एकदम नको असतात. धबधब्याची हौस जवळच भागवायची तर माहूर तालुक्यात वझरा शेख फरीद इथे दर्ग्याजवळ छोटा धबधबा आहे. तिथेही शेवाळलेल्या दगडांवर चढणं टाळावं.

विजा चमकू लागल्या तर?

माहूरची मुख्य ठिकाणं डोंगरमाथ्यावर आहेत, त्यामुळे विजेचा धोका गांभीर्याने घ्यावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' हे मोफत ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता सांगतं. निघण्याआधी ते फोनमध्ये घ्यावं. जंगलात नेटवर्क नसेल तेव्हा साधं गणित कामी येतं.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच आसरा घ्यायचा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली चारचाकी. एकाकी झाड, पत्र्याची शेड, किल्ल्याचा बुरूज, मोबाइलचा टॉवर या सगळ्या चुकीच्या जागा. उघड्यावर अडकलात तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसावं. जमिनीवर आडवं होऊ नये.

दोन दिवस हाताशी असतील तर बेत कसा आखावा?

*पहिला दिवस, सकाळ:* रेणुकादेवीचं दर्शन. पायऱ्या ओल्या असतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, म्हणजे कठड्याला धरायला हात मोकळे राहतात. वानरं पिशव्या ओढतात, प्रसाद आत ठेवावा. इथला तांबूल, म्हणजे कुटलेला विडा, हा माहूरचा खास प्रसाद. पावसाळी हवेत तो जिभेवर ठेवण्याची मजा वेगळीच.

*पहिला दिवस, दुपारपर्यंत:* दत्तशिखर आणि अनसूया शिखर. गाडीरस्ता आहे. मधले टप्पे पाऊस नसताना पायी करता येतात. ढग खाली आले तर दहा पावलांपुढचं दिसत नाही. अशा वेळी दिवे लावून गाडी सावकाश चालवावी आणि वळणावर थांबू नये.

*दुसरा दिवस, सकाळ:* रामगड म्हणजेच माहूरचा किल्ला. बहामनी काळात वऱ्हाडचा प्रांत दोन भागांत वाटला गेला, तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड होतं आणि दुसऱ्याचं माहूर. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातही माहूर हा स्वतंत्र सरकार होता. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने असलेली रायबाघन याच माहूरच्या देशमुख घराण्यातली. हत्ती दरवाजा, तटबंदी आणि आतलं तळं पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात गवत दाट असतं, तटावरचे दगड सैल झालेले असतात. मळलेली वाट सोडू नये आणि तटाच्या कडेवर सेल्फी घेऊ नये.

*धो-धो पाऊस असेल तर:* गावाजवळच्या पांडवलेण्यांत जाता येतं. राष्ट्रकूट काळातली ही लेणी दगडात कोरलेली आहेत. पुरातत्त्व विभागाचं माहूरचं संग्रहालयही आहे. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. बाहेर गार पाऊस आणि समोर वाफाळतं पाणी हा अनुभव पावसाळ्यातच घ्यावा. फक्त उनकेश्वर पैनगंगेच्या काठाला आहे, त्यामुळे पूर असताना तिकडचा रस्ता आधी विचारून घ्यावा.

जंगल सफारी होते का?

पावसाळ्यात ती अपेक्षा ठेवू नये. राज्यातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा या काळात बंद असतो. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहतो. कच्चे रस्ते चिखलात जातात आणि अनेक प्राण्या-पक्ष्यांचा हा विणीचा काळ असतो.

माहूरच्या जवळच, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं पैनगंगा अभयारण्य आहे. अस्वल, बिबट्या, नीलगाय, चितळ हे तिथले रहिवासी. वाघ तिथून ये-जा करतो. यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला 'वॉकर' नावाने गाजलेला तरुण वाघ जून २०१९ च्या अखेरीस बाहेर पडला आणि सुमारे पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांमधून, ओढ्यांमधून जाणाऱ्या त्याच्या वाटेवर पैनगंगेचं जंगलही होतं. हा प्रवास सुरू झाला तो पावसाळ्यात, पिकं वाढून आडोसा तयार होत असताना.

पर्यटकाने यातून घ्यायचं ते एवढंच: अंधार पडल्यावर डोंगरात किंवा जंगलाच्या रस्त्यावर पायी फिरायचं नाही आणि परवानगीशिवाय अभयारण्यात शिरायचं नाही.

सोबत काय घ्यावं?

यादी लांब नको. भिजणार हे गृहीत धरून घेतलेल्या मोजक्या वस्तू पुरतात.

- जीन्सऐवजी लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे. जाड सुती कापड भिजलं की जड होतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं.
- खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, चपलेची जादा जोडी आणि मोज्यांचे दोन जास्तीचे जोड. ओल्या बुटात रात्री रद्दी कोंबली की बराच ओलावा शोषला जातो.
- फोन, औषधं आणि पैसे यांसाठी झिपच्या प्लास्टिक पिशव्या. ओल्या फोनला चार्जर लावू नये.
- रोख पैसे आणि आधीच डाउनलोड केलेला नकाशा. डोंगरात नेटवर्क येतं-जातं.
- टॉर्च, डास पळवणारी क्रीम आणि उकळलेलं किंवा बाटलीबंद पाणी. पावसाळ्यात झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नये.

सापांची भीती अनेकांना असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि ते बाहेर येतात. गवतात काठी आपटत चालावं, बूट घालण्याआधी झटकावेत, दगडाखाली हात घालू नये. दंश झालाच तर चिरा देणं, तोंडाने ओढणं, घट्ट दोरी बांधणं यापैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता १०८ वर फोन करावा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

आपल्यामुळे इथल्यांना त्रास होऊ नये म्हणून

किनवट-माहूर हा गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा समाजांचा भाग आहे. मराठीबरोबर गोंडी, बंजारा आणि तेलुगूही कानावर पडते. पावसाळा हा इथल्या लोकांचा पेरणी-खुरपणीचा, कष्टाचा काळ. शेतात काम करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नयेत. पिकात शिरून फोटो घेऊ नयेत.

वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या परत न्याव्यात. डोंगरावर टाकलेलं प्लास्टिक पहिल्या सरीत ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत आणि फरशी पुलाच्या नळ्यांत अडकतं. मग पाणी पुलावरून वाहू लागतं आणि गावाचा रस्ता बंद होतो. शाळेत निघालेलं पोर आणि दवाखान्यात निघालेलं माणूस मग अलीकडेच अडकतं.

थोडक्यात: बेत ठेवायचा की मोडायचा?

- नांदेड आणि यवतमाळ दोन्हीकडे हिरवा किंवा पिवळा इशारा, पूल सुरू: बिनधास्त जा. डोंगर सकाळी, दुपारनंतर मुक्कामी.
- नारिंगी इशारा किंवा इसापूरमधून विसर्ग: गावाजवळच राहा. मंदिर, लेणी, संग्रहालय. नदी आणि धबधबा नको.
- लाल इशारा, किंवा रस्त्यावरच्या एखाद्या पुलावर पाणी: निघू नका. वाटेत असाल तर जवळच्या गावात थांबा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडीप मिळते. साग तोवर आणखी हिरवा झालेला असतो.